एका बॅटरीवरचा टेप

फोन पालथे घाला आधी. डोळ्यांत उजेड असला की गोष्ट कानात शिरत नाही. आणि मध्येच ‘मामा, हे खरं का हो?’ असं कुणी विचारायचं नाही. खरं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला खोटं बोलता येत नाही असं मी म्हणणार होतो, पण तसं म्हणायची सोय राहिलेली नाही. अकरा महिने तो एक खोटं पोटात घेऊन फिरत होता. गोष्ट त्याचीच आहे.

त्याला आम्ही फ्यूज म्हणतो. दोन वाक्यं मनाविरुद्ध गेली की उडतो, म्हणून. त्याची बायकोसुद्धा त्याला याच नावानं हाक मारते आणि वर म्हणते, “सव्वीस वर्षं झाली लग्नाला. या मापाचा दुसरा मिळत नाही, नाहीतर कधीच बदलला असता.” गाड्यांची वायरिंग हे त्याचं काम. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं दुकान आहे. टेप, हॉर्न, जादा दिवे, सांगाल ते बसवून देतो. हात चांगला, जीभ तिखट.

तर तारीख चौदा नोव्हेंबर, वार गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. फ्यूजचं एक साधं काम उरलं होतं. दुकानात असलेली एक गाडी अकरा किलोमीटरवरच्या गावात मालकिणीच्या दारात नेऊन उभी करायची. बस एवढंच. परतताना मालकिणीचा मुलगा त्याला मोटरसायकलवरून सोडणार होता. सकाळी सातला ती गाडी घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि गिऱ्हाइकाची एकच अट होती : गाडीत टेप पाहिजे.

गाडी होती गुरांच्या डॉक्टरांची. फोर बाय फोर, लष्कराच्या लिलावातून आलेली, तुमच्यातल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी. दार लावायचं तर खांदा लावावा लागे. चिखल असो, चढ असो, ती आपली गुरगुरत वर जायची. डॉक्टरांचा तिच्यावर फार जीव. रात्री-अपरात्री कुठल्या वाडीवर गाय अडली की डॉक्टर तिच्यात बसून निघायचे. आणि एकट्यानं रात्रीचं जायचं म्हणजे सोबतीला गाणी हवीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी फ्यूजकडून टेप बसवून घेतला होता.

आता इथं जरा नीट ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. साध्या गाडीला एक बॅटरी असते, बारा व्होल्टची. या गाडीच्या सीटखाली दोन. बारा आणि बारा, चोवीस. गाडी चोवीसवर चालते. बाजारात मिळणारे टेप मात्र बाराचे. चोवीस दिले तर टेपमधून गाण्याऐवजी धूर येईल. मग नीट रस्ता असा, की मध्ये कन्व्हर्टर बसवायचा, म्हणजे चोवीसचे बारा करणारा डबा. आणि चोरवाट अशी, की दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढायची. बारा आयते मिळतात. दहा मिनिटांचं काम. बहुतेक वायरमन हेच करतात, आणि फ्यूजनंही डॉक्टरांच्या गाडीत हेच केलं होतं. चालतं की! दोन वर्षं चाललं. फक्त त्या दोघींपैकी एक बॅटरी रोज जादा राबत असते. घरात दोन भाऊ, कामाला एकटाच आणि वाढताना मात्र दोघांना सारखंच, असं किती दिवस चालणार? राबणारा एक दिवस बसतोच.

डिसेंबरात ती बॅटरी बसली.

डॉक्टर एका वाडीवरून परत येत होते. माळावरचं जे वळण आहे, मोरीपाशी, तिथं त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. जरा बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायला गेले असतील. गाडी सुरू झाली नाही. माळावर फोन लागत नाही. सकाळी दुधाची गाडी गेली तेव्हा दुधवाल्याला ते दिसले. स्टीअरिंगवर हात, डोकं मागं टेकलेलं. हॉस्पिटलात म्हणाले, तासाभरात आले असते तर वाचले असते.

त्या संध्याकाळी, डॉक्टर वाडीवर निघण्याआधी, गाडी त्यांच्या मुलानं नेली होती. चोवीस-पंचवीसचा आहे, एकुलता एक. अंधार पडल्यावर घरी आला, गाडी लावली आणि आत गेला. दुःखात माणूस काय बोलतो याला धरबंध नसतो. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर बोलून गेल्या, “तू दिवे चालू ठेवले असशील. तूच बॅटरी उतरवलीस.” आणि त्या पोराला आठवेना. दिवे बंद केले की नाही? केले असतील. नसतील. माणसाला कधी आठवतं का हो? तुम्ही आज येताना जिन्यातला दिवा बंद केलात का, सांगा बघू.

आठवत नाही ना? त्यालाही आठवलं नाही. आणि न आठवल्यानं तो बापाचा मारेकरी ठरला.

गाडी ओढून आणली ती फ्यूजच्याच दुकानात. त्यानं सीट उचलली आणि मीटर लावला. एक बॅटरी साडेबारा. दुसरी आठ. बघून तो तिथंच जमिनीवर बसला. दिवे राहिले असते तर दोन्ही बॅटऱ्या सारख्याच उतरल्या असत्या, कारण दिवे दोघींवर चालतात. एकच उतरली होती. आणि जी उतरली होती, तिच्यावरूनच त्याची पिवळी वायर निघाली होती.

त्यानं काय केलं? शटर खाली ओढलं. वायर कापली, टेप काढला, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, “बॅटरी उतरली होती, आता ठीक आहे.” शब्दन् शब्द खरा, आणि सगळं मिळून शुद्ध खोटं. त्यांनी विचारलं, “दिव्यांनीच ना?” आणि हा... हा गप्प बसला. सुंठीवाचून खोकला गेला असं त्या क्षणी त्याला वाटलं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. त्या दिवसानंतर बोलायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. जितके दिवस जातात तितकं तोंड जड होतं. याचा अनुभव तुम्हालाही आहे, नाही म्हणून मान हलवू नका.

आता त्या गुरुवारी परत या. नवा टेप बसवायचा होता, आणि या वेळी फ्यूजनं ठरवलं होतं की चोरवाट नाही. कन्व्हर्टर मागवला. तो काही आला नाही. दुकानदार म्हणाला, शनिवारी. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला आजच्या टेपएवढी खाच नसते, म्हणून त्यानं ग्राइंडरनं पत्रा कापला, सेट आत बसवला, चारी स्पीकर जोडले. राहिल्या होत्या फक्त वीज देणाऱ्या वायरी. पिवळी, जिच्यावर टेपची आठवण चालते, आणि लाल, जी चावीवर चालते. दोन्हींची टोकं त्यानं काळी टेपपट्टी गुंडाळून तशीच खाली लोंबत सोडली. म्हणजे सेट होता, पण वीज नव्हती. भिंतीत खिळा आणि खिळ्याला चित्र, तसा नुसता टांगलेला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

“काका, झालं का?”

“सेट बसलाय. वाजणार शनिवारी. गिऱ्हाइकाला सांग, मी येऊन जोडून देईन.”

“अहो, एका बॅटरीवरून घ्या ना. पूर्वी बाबांच्या टेपला होतं तसं. वाजलं की झालं, पुढचं तो बघेल.”

“नाही.”

“काका, एका दिवसाचा प्रश्न...”

“नाही म्हणतोय ना!” फ्यूज उडाला. मग स्वतःच ओशाळला. त्यानं विचारलं, “एवढी घाई कसली तुम्हाला?”

पोरग्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, “गाडी दारात असली की आई अंगणात येत नाही. आणि मी घरात असलो की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. गाडी उद्या जाईल. मीही परवाची रात्रीची बस बघितलीय. लांब एक नोकरी आहे. परत नाही येणार, काका. मला बघितलं की तिला तेच आठवतं. मलाही तिला बघून तेच आठवतं.”

“अरे, असं...”

“तुम्हाला म्हणून सांगितलं. बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता.”

फोन ठेवल्यावर फ्यूज किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. बायको डबा घेऊन आली, तिनं विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाला. डबा उघडलाही नाही. साडेनऊला शटर ओढलं, गाडीत बसला आणि निघाला.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. होणारच. त्यानं संध्याकाळीच दोन्ही बॅटऱ्या तपासल्या होत्या, साडेबाराच्या वर, दोन्ही. गावाबाहेरचा पेट्रोल पंप गेला, लाकडाची वखार गेली, शेवटचा रस्त्यावरचा दिवा गेला. मग चढ. चढ संपला की माळ.

माळावर झाड नाही. घर नाही. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना दगड. फोनच्या रेघा एकेक करत गेल्या. वर चंद्र जवळजवळ पूर्ण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्या रात्री ते बाहेरही लख्ख पडलं होतं. फ्यूज मोठ्यानं शीळ घालायला लागला. त्याला शीळ येत नाही. नुसती हवा जाते. पण घातली.

ते वळण जवळ आलं तशी त्यानं शीळ थांबवली.

मोरीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं.

आचका नाही. धूर नाही. कुणी हात ठेवून शांत करावं, तसं शांत झालं. दिवे गेले. गाडी आपल्याच वेगानं थोडी पुढं गेली आणि कडेला थांबली.

त्यानं चावी फिरवली.

टक्.

त्या आवाजाचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. बॅटरीत जोर नसला की सेल्फ फिरत नाही, नुसता एक टक् वाजतो. पण बॅटऱ्या तर भरलेल्या होत्या! पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. त्यानं चावी काढून मुठीत घेतली. म्हटलं उतरावं, सीट उचलावी, जोड बघावेत. काम करणाऱ्या माणसाला भीतीवर एकच औषध माहीत असतं, काम.

एक पाय खाली टाकला... आणि डॅशबोर्डवर निळा उजेड पडला.

टेप चालू झाला होता.

फ्यूजनं पाय परत आत घेतला. फोनचा टॉर्च लावून खाली वाकून बघितलं. पिवळी वायर. लाल वायर. दोन्ही लोंबत होत्या. दोन्हींच्या टोकांना त्यानंच गुंडाळलेली काळी पट्टी. त्यानं दोन्ही टोकं बोटांत धरली. कुठंच जोडलेली नव्हती. वर सेट निळा जळत होता.

चारी स्पीकरमधून खरखर सुरू झाली. अगदी बारीक.

मग...

टक्.

हा आवाज इंजिनाकडून आला नव्हता. चावी त्याच्या मुठीत होती.

टक्.

स्पीकरमधून. चारी बाजूंनी.

जरा वेळ काही नाही... कुणीतरी वाट बघावी, बॅटरीला दम खाऊ द्यावा, तेवढा वेळ...

टक्.

फ्यूजच्या पाचावर धारण बसली. त्यानं काही विचार केला नाही. सेटच्या कडेनं खाचेत हात घातला आणि मागचा जोड उपटायला गेला. कापलेल्या पत्र्याची कड त्यानं घाईत कानसली नव्हती. ती कड अंगठ्याच्या खाली तळव्यात घुसली. हात बाहेर काढला तर रक्ताची धार. खिशात हात पुसायचं फडकं होतं, ते त्यानं दातांनी ओढून तळव्यावर गच्च बांधलं.

सेट चालूच होता.

आता त्यातून श्वास येत होता. जड. मध्येच अडकणारा. आणि मग आवाज आला. हळू, समजूत घालणारा. गोठ्यात गायीच्या पाठीवर हात फिरवताना डॉक्टर ज्या आवाजात बोलायचे, तोच.

“चल गं... चल माझी बाय...”

टक्.

“बरं बरं... राहू दे. दम खा...”

श्वास.

“कुठं दुखतंय गं तुला?”

पोरांनो, फ्यूज माझ्यासमोर हे सांगत होता तेव्हा भर दुपार होती, आणि त्याच्या हातावरचा केस न् केस उभा होता. डॉक्टर गाडीला विचारत होते. छातीत कळ येत होती त्यांच्या, आणि विचारत होते गाडीला.

“दिवे तर बंद होते... पोरानं बंद केले होते. मी बघितलं... मग कुठं दुखतंय?”

खरखर.

“सांग की...”

खरखर.

“काय झालं तुला?”

आणि मग शांतता. टेप निळा. खरखर चालू. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

त्या माळावर ते उत्तर माहीत असलेला एकच माणूस होता.

फ्यूजनं तोंड उघडलं.

“डॉक्टर... वायर... मी एका बॅटरीवरून घेतली होती. एकीवरूनच. ती बसली. तुमच्या पोराचा काही... माझं चुकलं, डॉक्टर. मी तेव्हाच... मी गप्प बसलो...”

खरखर थांबली.

निळा उजेड गेला.

तो तसाच बसून राहिला. किती वेळ? तो म्हणतो, पाच मिनिटं. हाताची आग एकदम थांबली होती, एवढंच त्याला आठवतं. हात गार पडला होता, आणि कुणीतरी तो हातात धरलाय असं... जाऊ दे. ते त्यानं मला नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग त्यानं चावी लावली आणि फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

डॉक्टरांच्या घरी ओसरीवरचा दिवा चालू होता. मुलगा फाटकातच उभा होता, मोटरसायकल बाहेर काढून.

“काका! अहो कुठं होतात? साडेनऊला निघालो म्हणून मेसेज आला तुमचा. मी आता बघायला निघत होतो.”

“किती वाजले?”

“पावणेबारा.”

अकरा किलोमीटर. फ्यूज गाडीतून उतरला. म्हणाला, “आईंना बोलाव. आणि तूही बस.”

“आत्ता? ती झोपली असेल. सकाळी गिऱ्हाईक...”

“बोलाव, बाळा.”

डॉक्टरीणबाई आल्या. झोपल्या नव्हत्याच. स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या, कारण मुलगा बाहेरच्या खोलीत होता. दोघांच्या मध्ये पाच-सहा फरशा असतील. अकरा महिने तेवढ्या फरशा कुणी ओलांडल्या नव्हत्या.

फ्यूज बसला नाही. उभ्यानंच बोलला. माळावरचं काही सांगितलं नाही त्यानं. एक अक्षर नाही. सांगितलं ते बॅटऱ्यांचं. दोन बॅटऱ्या असतात, दिवे दोघींवर असतात, टेप एकीवर होता. एक साडेबारा होती, एक आठ. मीटर त्यानं स्वतः लावला होता. दिव्यांनी उतरल्या असत्या तर दोन्ही उतरल्या असत्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण पहिल्या वेळी दोघांच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही.

दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे... दिवे...”

“दिवे बंद होते. तू बंद केले होतेस.”

“तुम्हाला कसं माहीत?”

फ्यूजनं मान खाली घातली. “मीटर खोटं बोलत नाही. मी बोललो.”

पोरगा खाली बसला. खुर्चीवर नाही, खाली, भिंतीला पाठ लावून. आणि रडला नाही, ओरडला नाही, नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला. फ्यूजला वाटलं, हा आता उठून मला मारेल तर बरं होईल. मार परवडला असता.

डॉक्टरीणबाई दारातून निघाल्या. त्या फरशा ओलांडून आल्या, मुलाशेजारी खाली बसल्या आणि त्याचं डोकं धरून स्वतःच्या खांद्यावर टेकवलं. “मी तुला काय काय बोलले रे,” म्हणाल्या. “काय काय बोलले मी.” मग त्याला हुंदका फुटला. पंचवीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा रडला. फ्यूज तोंड फिरवून उभा राहिला. या घरात या वेळी आपलं काही काम नाही हे त्याला कळत होतं, पण न सांगता निघून जायचा हक्कही त्याला राहिला नव्हता.

बऱ्याच वेळानं बाई त्याच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

“तुम्ही गप्प बसलात.”

“हो.”

“गेल्या महिन्यात रस्त्यात भेटलात. याची चौकशी केलीत माझ्याकडे.”

“हो.”

“माझा माणूस चुकीनं गेला, ते मी सोसलं असतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण पोरगा माझा जिवंत होता हो. समोर होता. तो तुम्ही अकरा महिने माझ्यापासून...”

फ्यूजनं हात जोडले. जोडताना त्यांचं लक्ष फडक्याकडे गेलं. फडकं रक्तानं काळं पडलं होतं, कडक झालं होतं.

“हाताला काय झालं?”

“काही नाही. पत्रा लागला.”

“दाखवा.”

“नको हो. मी घरी जाऊन...”

“दाखवा म्हटलं ना.”

पंचवीस वर्षं नवऱ्याच्या दवाखान्यात त्यांनीच हाताखाली काम केलेलं. रक्त बघून आधी पुसायचं, रागावायचं नंतर, ही सवय. मुलाला म्हणाल्या, गरम पाणी आण. तो डोळे पुसत उठला आणि घेऊन आला. फ्यूजला खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर घेतला. फडक्याची गाठ सुटेना, ती त्यानं दातांनी बांधलेली. कात्रीनं कापली. फडकं चिकटलं होतं, ते पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं. फ्यूजनं डोळे मिटून घेतले होते. तो म्हणतो, दुखेल म्हणून.

दुखलं नाही.

बाईंचे हात थांबले.

फ्यूजनं डोळे उघडले तेव्हा मुलगाही वाकून बघत होता. पातेलं त्याच्या हातात तिरकं झालं होतं, पाणी सांडत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

“हे कुणाकडून करून घेतलंत?” बाईंनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“काय?”

त्यांनी त्याचा तळवा दिव्याकडे वळवला. जखम अंगठ्याखालून मनगटापर्यंत गेली होती. ती धुतलेली होती. स्वच्छ. आणि शिवलेली होती. चार टाके. सारख्या अंतरावर, चापून घातलेले, प्रत्येकाची गाठ एकाच बाजूला.

“मी... मी फक्त फडकं बांधलं होतं,” फ्यूज म्हणाला.

बाईंनी एका गाठीवर बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं.

“माणसाला एवढा जाड दोरा वापरत नाहीत,” त्या म्हणाल्या. “हा गुरांचा दोरा आहे.”

...

सकाळी गिऱ्हाईक आलं, त्याला मुलानंच परत पाठवलं. आणि टाके दहाव्या दिवशी कापायचे असतात. ते डॉक्टरीणबाईंनी कापले. दोऱ्याचे चारी तुकडे कागदात गुंडाळले आणि आत घेऊन गेल्या.